चाळीस काळ्या पट्ट्या

पिंपाचं झाकण उघडलं आणि आतून एक हात बाहेर पडला.

मिस्त्री एकवीस वर्षं दवाखान्यांचा कचरा जाळत आला होता. सुया, रक्ताने भिजलेले बोळे, कापून काढलेली बोटंसुद्धा त्याने पाहिली होती. पण या हाताच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि ते घड्याळ तो रोज बघत होता.

"अरे देवा! हा तर आपला काटेवाला!"

काटेवाला म्हणजे वजनकाट्यावरचा मुकादम. गुडघे छातीला टेकवून त्याला पिंपात कोंबला होता. कवटी मागून फुटली होती आणि जबडा एका बाजूला लोंबत होता. अंगावर एक रबरी एप्रन, हातमोज्यांची एक जोडी आणि पिंपं ओढायचा लोखंडी आकडा टाकलेला होता. आकड्याच्या टोकाला केस चिकटले होते.

ते पिंप उघडलं जाणारच नव्हतं, ही खरी गोष्ट. या कारखान्यात पिवळी पिंपं बंद होऊन येतात, त्यांच्यावर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल लागतं आणि सरकत्या पट्ट्यावरून ती भट्टीच्या तोंडाशी जातात. तिथे लाल दिव्याचं मशीन लेबल वाचतं. वाचलं की 'टिट्' वाजतं, दार उघडतं आणि पिंप आत जातं. आत काय आहे ते कोणी बघत नाही, कारण बघायची कोणाला हौस नसते. लेबल वाचता आलं नाही, तर मात्र मशीन पिंपाला बाजूला ढकलतं. त्या बाजूच्या रांगेला कामगार 'नापास लाइन' म्हणतात.

काटेवाल्याचं पिंप नापास झालं. पास झालं असतं, तर अकरा वाजेपर्यंत त्याची राख झाली असती आणि लोक म्हणाले असते, गेला कुठेतरी तोंड काळं करून.

साडेअकराला इन्स्पेक्टर बाई आल्या, तेव्हा एका खुनाचे दोन व्हायच्या बेतात होते.

अंगणात कारखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याला जमिनीवर पाडून दोन माणसं तुडवत होती. दोघे काटेवाल्याचे भाऊ. थोरल्याच्या हातात गज होता. कॉम्प्युटरवाल्याचा एक डोळा पार मिटला होता आणि तो तोंडातून रक्ताबरोबर दात थुंकत होता. भोवती वीसेक कामगार उभे होते, पण सोडवायला एकाचाही पाय पुढे पडत नव्हता.

"बाजूला हो!" बाई ओरडल्या. थोरला हलला नाही, तेव्हा त्यांनी काठीचं टोक त्याच्या पोटात खुपसलं. तो वाकला. हवालदाराने आणि ड्रायव्हरने दोघा भावांना ढकलत फाटकाबाहेर काढलं आणि कुलूप घातलं.

"वस्तीतून माणसं घेऊन येतो!" थोरला फाटकापलीकडून गरजला. "तासाभरात त्याला आमच्या हवाली करा. नाहीतर त्याच भट्टीत त्याला जिवंत घालतो!"

बाईंनी जादा कुमक मागितली. उत्तर आलं, दीड तास लागेल. कारखान्यातून बाहेर जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावरच वस्ती. जखमी माणसाला जीपमधून न्यावं, तर वाटेतच त्याचा निकाल लागला असता.

"मॅडम, केस फिट आहे," हवालदार हात झटकत म्हणाला. "काल जेवणाच्या सुट्टीत या कॉम्प्युटरवाल्याने मयताची कॉलर धरली होती. सगळ्यांदेखत म्हणाला, 'तुला भट्टीत घालीन.' कारण? मयताच्या बायकोशी याचं लफडं. आणि पिंपावरचं लेबल याच्याच कॉम्प्युटरवरून निघालंय. काय उरलं आता?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," बाई म्हणाल्या. "एक तास आहे ना? मग तासभर तोंड बंद ठेव आणि डोळे उघडे."

त्या पिंपाशी बसल्या. जखमा तीन होत्या. एक मागून, डोक्यात. दोन समोरून, तोंडावर, आणि त्या दोन्ही तो पडल्यानंतरच्या. नुसता जीव घ्यायचा असता, तर पहिला घाव पुरे होता.

"मिस्त्री, हे पिंप तुम्ही का उघडलंत?"

"नापास झालं म्हणून. नापास पिंप उघडायचं, आतला माल तपासायचा आणि नवं लेबल मागायचं, असा नियम आहे."

"नियम कोणाचा?"

"त्याचाच." मिस्त्रीने आत बघायचं टाळत बोट दाखवलं. "भारी कडक माणूस. कोणाला सूतभर सूट द्यायचा नाही."

"एवढं जड पिंप पट्ट्यावर एकट्याने चढेल?"

"ढकलगाडी आहे की. पायाने दाबलं की उचलते. माझी नातसुद्धा चढवेल."

"आणि एप्रन, हातमोजे?"

"सगळ्यांचे एकसारखे. गाठोडं दारातच असतं. वापरायचे नि पिंपात टाकायचे."

"हा आकडा कुठला?"

"काट्याच्या खोलीतला. भिंतीवर असतो. तिथल्या फरशीवर पाणी मारलंय कोणीतरी, पण भिंतीवर शिंतोडे राहिलेत. मी बघून आलो."

"आज सकाळी काही वेगळं घडलं?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "सातच्या सुमाराला उतरवताना एक पिंप फुटलं. लेबलसकट चिंधड्या झाल्या. घाण भरून भट्टीत टाकली. असं महिन्यातून एकदा होतंच."

"त्या पिंपाचा नंबर काय होता?"

"नंबर कोण बघतो, बाई? मला काम पिंपाशी. नंबर म्हणजे लेबलताईंचा प्रांत. कॉम्प्युटरला तर मी हात लावत नाही. रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून टाइप करून घेतो."

बाईंनी पिंपावरचं लेबल अलगद सोडवलं. काळ्या उभ्या पट्ट्या स्वच्छ छापलेल्या होत्या. डाग नाही, सुरकुती नाही. खाली नंबर: के ७-०४११८.

लेबलताई म्हणजे लेबलं छापणारी बाई. चाळिशीची, नीटनेटकी. मयताच्या बायकोची थोरली बहीण. ऑफिसात कॉम्प्युटरवाल्याला बाकावर निजवलं होतं आणि ती त्याच्या डोक्याला पट्टी बांधत होती. डोळे रडून सुजले होते, पण हात स्थिर होते. गाठ मारून तिने त्याला दोन घोट पाणी पाजलं आणि बाईंबरोबर शेजारच्या लेबलांच्या खोलीत आली.

"मयत तुमचे कोण?"

"धाकट्या बहिणीचा नवरा. मीच लावून दिली होती त्याला इथे नोकरी."

"माणूस कसा होता?"

"गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

"आज सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पावणेसातला बसले, ती ओरडा होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. सकाळची गर्दी असते."

"बरं. आता मला हे लेबल शिकवा. मी याबाबतीत अगदीच अडाणी आहे."

लेबलताईने भिंतीवरचा एक पिवळा पडलेला कागद दाखवला. कॉम्प्युटरवाल्याने सहा वर्षांपूर्वी मशीन बसवलं, तेव्हा लिहून दिलेला.

"एका अक्षराला नऊ पट्ट्या. पाच काळ्या, चार पांढऱ्या. नवांतल्या तीन जाड, बाकी बारीक. कुठल्या तीन जाड, त्यावरून अक्षर ओळखायचं. इंग्रजीतली मोठी अक्षरं चालतात, आकडे चालतात, आडवी रेघ चालते. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडायची, नाहीतर मशीन अडखळतं. झालं."

"तुमचा नंबर किती अक्षरांचा?"

"के, सात, आडवी रेघ आणि पुढे पाच आकडे. आठ."

"म्हणजे एका लेबलवर काळ्या पट्ट्या?"

"आठ पंचे चाळीस."

"मोजल्यात कधी?"

"मोजायच्या कशाला? सरळ हिशेब आहे." ती किंचित हसली. "सहा वर्षं हेच करतेय."

"लेबल फाटलं तर?"

"त्याच नंबराचं दुसरं काढता येतं. पण त्याला काटेवाल्याचा पासवर्ड लागतो."

"म्हणजे मयताचा."

"हो. मशीन सगळं लिहून ठेवतं. लेबल कोणी छापलं, कधी छापलं. हातातल्या स्कॅनरची एकेक टिट् सुद्धा."

बाईंनी टेबलावरची वही ओढली. के ७-०४११८ समोर पेनाने लिहिलेलं होतं: 'फुटले, ७.०५.'

"हेच का सकाळी फुटलेलं पिंप?"

"हो. वहीत लगेच लिहिते. मशीनमध्ये संध्याकाळी सगळी एकदम रद्द करते."

"म्हणजे मशीनच्या लेखी हा नंबर अजून जिवंत होता. भट्टी त्याची वाट बघत होती."

"तसंच म्हणा."

"हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

ताईने वही सरळ करून ठेवली. "वही टेबलावर उघडीच असते. येता-जाता कोणीही बघेल."

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. हवालदार खिडकीतून डोकावला. "मॅडम, वस्ती निघाली. पन्नासेक तरी असतील."

बाई ऑफिसात आल्या. कॉम्प्युटरवाला उठून बसायचा प्रयत्न करत होता. त्याच्या शर्टाचं पुढचं अंग रक्ताने कडक झालं होतं.

"मयताच्या बायकोशी तुझा काय संबंध?"

"तिचे वळ बघितले," तो तुटक बोलला. जबडा हलवताना त्याला ब्रह्मांड आठवत होतं. "ताईंकडे डबा द्यायला आली होती. मानेवर, हातावर वळ. मी काल त्याला म्हणालो, बायकोवर हात टाकतोस, लाज नाही वाटत? तर तो म्हणाला, तुला का एवढा पुळका? मग सगळीकडे सांगत सुटला. एवढंच. बाई, मला घरी जायचंय. माझी बायको आठ महिन्यांची गरोदर आहे. तिला यातलं काही कळू देऊ नका."

"हे लेबल कुठून निघालं?"

"इथूनच. ऑफिसच्या प्रिंटरवरून. सात बत्तीसला. तुमच्या हवालदारांना मीच दाखवलं."

"तूच?" बाई चमकल्या.

"छापलंय तर छापलंय. लपवून काय? लेबलच्या मशीनवरचं नाही ते. चिकट कागद वेगळा आहे. कोणीतरी साध्या पत्राच्या फाइलमध्ये नंबर टाइप करून त्याला पट्ट्यांचा टाइप, म्हणजे फॉन्ट, लावलाय. तो टाइप मीच टाकला होता, रॅकच्या पाट्या करायला."

"या कॉम्प्युटरला पासवर्ड?"

"नाही. सगळ्यांचे रजेचे अर्ज यावरच होतात."

"आणि सात बत्तीसला तू कुठे होतास?"

"सरकत्या पट्ट्याखाली. एक वायर बदलत होतो. एकटाच." त्याचा चांगला डोळा पाण्याने भरला. "बघितलं कोणीच नाही."

हवालदाराने 'ऐकलंत ना?' अशा नजरेने बाईंकडे पाहिलं.

"मला तसंच एक लेबल करून दाखव," बाई म्हणाल्या. "हाच नंबर."

त्याने की-बोर्ड ओढला. पहिलं बोट नंबरावर गेलं नाही. त्याने आधी चांदणीचं चिन्ह (*) टाइप केलं, मग नंबर, मग पुन्हा चांदणी.

"हे चांदणीचं काय?"

"ती लागतेच. सुरुवात आणि शेवट. मशीन आधी चांदणी शोधतं. ती सापडली, की इथून वाचायचं, तिथे थांबायचं, हे त्याला कळतं. चांदणीलासुद्धा नऊ पट्ट्या असतात. नसली तर मशीनला ते लेबलच वाटत नाही. नुसतं कुंपण."

"लेबलांच्या खोलीतल्या कागदावर तर हे नाही."

"तिथलं मशीन आपोआप लावतं. खाली नंबर छापताना दाखवतही नाही. ताईंच्या डोक्याला उगाच ताप कशाला, म्हणून लिहिलंच नाही."

बाईंनी साडीची टाचणी काढली. लेबलांच्या खोलीतलं रोजचं एक लेबल आणि मयताच्या पिंपावरचं लेबल शेजारीशेजारी ठेवलं आणि टाचणीच्या टोकाने काळ्या पट्ट्या मोजायला बसल्या. बाहेर फाटकावर दगड पडायला लागले होते. हवालदार जागच्या जागी नाचत होता. बाई ओठ हलवत मोजत होत्या.

रोजच्या लेबलावर पन्नास. मयताच्या लेबलावर चाळीस.

"मॅडम, फाटक जातंय!"

"जाऊ दे. मिस्त्रीला आणि लेबलताईंना इथे आण आणि दाराला कडी घाल."

पाचजण त्या खोलीत कोंबले गेले. हवालदाराने कडी घालून दाराला पाठ लावली. बाहेर लोखंड करकरलं.

"वेळ नाही, तेव्हा थोडक्यात सांगते," बाई म्हणाल्या. "खुनी माणसाला एकच गोष्ट हवी होती. पिंप न उघडता भट्टीत जावं. त्यासाठी लेबल हवं, आणि लेबलाला असा नंबर हवा, जो भट्टीच्या यादीत आहे, पण ज्याचं पिंप येणार नाही. असा नंबर आज एकच होता. फुटलेल्या पिंपाचा. लेबलच्या मशीनवर तो पुन्हा छापायला काटेवाल्याचा पासवर्ड लागतो, आणि काटेवाला तर पिंपात होता. म्हणून खुनी या कॉम्प्युटरपाशी आला. पट्ट्यांचा टाइप लावला, नंबर टाइप केला, छापला. स्कॅनरवर तपासलं नाही, कारण प्रत्येक टिटीची नोंद होते. दिसायला लेबल बिनचूक होतं. पण त्याला चांदण्या नव्हत्या."

"पण हा मुद्दाम विसरला असेल!" हवालदार म्हणाला.

"मुद्दाम विसरून पिंप नापास करायचं? म्हणजे झाकण उघडून सगळ्यांना प्रेत दाखवायचं? अरे, मग खून लपवायचा खटाटोप कशाला? हा अर्धमेला माणूस, शुद्धीवर धड नाही, तरी त्याचं बोट आधी चांदणीवर गेलं. त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. मिस्त्रींना नंबर ठाऊक नव्हता आणि कॉम्प्युटर येत नाही. शिवाय त्यांनी स्वतःच झाकण उघडलं. मग उरलं कोण? ज्याला नंबर ठाऊक आहेत, टाइप करता येतं, रोज शेकडो लेबलं छापून अंगवळणी पडलंय, पण ज्याला मशीन सहा वर्षं गुपचूप चांदण्या लावून देतंय. असा माणूस, जो छातीठोकपणे सांगतो की एका लेबलवर काळ्या पट्ट्या चाळीस."

मिस्त्री हळूहळू लेबलताईकडे वळला.

"दोन चांदण्या धरून दहा अक्षरं होतात, ताई. पट्ट्या पन्नास. तुमच्या रोजच्या प्रत्येक लेबलवर पन्नास आहेत. चाळीस फक्त एकाच लेबलवर आहेत."

"एवढ्यावरून?" ताई म्हणाली. "वही कोणीही बघितली असेल."

"फुटल्याची नोंद सात पाचची. छपाई सात बत्तीसची. मधल्या सत्तावीस मिनिटांत वही कोणी बघायची, तर तुमच्या कोपराखालून बघावी लागली असती. तुम्हीच म्हणालात, खुर्चीवरून उठले नाही. आणि तुमच्या मशीनमध्ये सात दहापासून पावणेआठपर्यंत एकही लेबल छापल्याची नोंद निघणार नाही. बघू या?"

ताईने नजर बाकाकडे वळवली.

"मेहुण्यावरचा राग समजतो मला," बाईंचा आवाज चढला. "पण हा? याने तुमच्या बहिणीची बाजू घेतली. म्हणून याने मार खाल्ला. तुम्ही याच्या डोक्याला पट्टी बांधलीत आणि गप्प बसलात! बाहेर ते याला जाळायला आलेत, आणि तुम्ही..."

दार आत कोसळलं. हवालदार दारासकट पडला.

थोरला भाऊ गज उगारून आत शिरला, त्याच्या मागे धाकटा, त्याच्या मागे दहाबारा माणसं. गज सरळ बाकाच्या दिशेने आला. बाईंनी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई गुडघ्यांवर आल्या. गज पुन्हा वर गेला. कॉम्प्युटरवाल्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि बायकोचं नाव घेऊन किंचाळला.

लेबलताई त्याच्या अंगावर आडवी पडली.

"याला हात लावायचा नाही! तुमच्या भावाला मी मारलं!"

गज हवेत राहिला.

"मी मारलं," ती पुन्हा म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. "सकाळी माझ्या खिडकीशी आला. हसत होता. म्हणाला, तुझ्या बहिणीचा हात मोडलाय रात्री, चार दिवस फोन करू नकोस, तिला उचलता येणार नाही. असं म्हणाला आणि शीळ घालत गेला. मी एप्रन चढवला, हातमोजे घातले आणि त्याच्या मागे गेले. आकडा भिंतीवरच होता. एका घावात पडला. मग मी त्याला उताणा केला आणि ज्या तोंडाने हसला ना, त्या तोंडावर..."

"खोटं बोलतेय ही!" धाकटा भाऊ ओरडला. "त्याला वाचवायला बोलतेय!"

भावजयीचे वळ थोरल्यानेही बघितले होते. कितीदा तरी तिच्या घरात जेवताना त्याने मान खाली घालून घास गिळला होता. पण भाऊ तो भाऊ. त्याने गजावरची मूठ बदलली आणि तो ताईच्या दिशेने सरकला.

बाईंनी डाव्या हाताने पिस्तूल काढून छतावर गोळी झाडली. चुना सगळ्यांच्या डोक्यांवर पडला.

"आणखी एक पाऊल, आणि पुढची गोळी गुडघ्यात!"

बाहेर सायरन वाजला. कुमक आली होती, वीस मिनिटं आधीच. मागची माणसं पांगली. धाकट्याने हातातला दगड टाकला. थोरल्याने मात्र गज टाकला नाही. शेवटी दोघा शिपायांनी त्याच्या बोटांतून तो सोडवून घेतला.

"ताई," कॉम्प्युटरवाला बाकावरून म्हणाला. स्ट्रेचर आलं होतं, त्याला उचलत होते. "पट्टी बांधताना तरी सांगायचंत हो."

"सांगणार होते." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "प्रत्येक वेढ्याला वाटत होतं, आता सांगू. मग वाटायचं, मी आत गेले तर धाकटीकडे कोण बघणार? तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

"आणि माझ्या बायकोला?"

त्याला घेऊन गेले. त्याचा जीव आता वाचणार होता, डॉक्टरने तसं दारातच सांगितलं.

बाईंनी मोडलेला हात छातीशी धरून ताईला बाहेर आणलं. अंगणात जीपपाशी मयताची बायको उभी होती. शिपायांनी तिला वाटेतल्या बसस्टॉपवरून ओळख पटवायला आणलं होतं. बारीकशी, ओठ फुटलेला, उजवा हात ओढणीच्या झोळीत. काय झालं ते तिला कोणीतरी सांगून टाकलं होतं.

ताईने तिला बघितलं आणि तिचा धीर सुटला. "आता कोणी हात लावणार नाही तुला," ती रडत म्हणाली. "कोणी नाही. ऐकतेस ना? सुटलीस तू."

धाकटीने झोळीतला हात सावरला.

"मी आज सकाळीच निघाले होते गं," ती म्हणाली. "तो कामावर गेला नि मी बॅग भरली. एका हाताने भरली. सात वाजता बसस्टॉपवर उभी होते. तुझ्याच घरी येणार होते कायमची. तुला तीनदा फोन लावला."

ताईने चेहरा पुसला. "कधी?"

"सव्वासातला. मग परत, मग परत. तू उचललाच नाहीस."

ताई जीपच्या चाकाशी बसली. धाकटी पुढे आली नाही. हात झोळीत धरून ती तिथेच उभी राहिली आणि एका शिपायाला म्हणाली, बॅग बसस्टॉपवरच राहिलीय, कोणी आणून देईल का.